सात बेटांवरचं हस्तलिखित

गेल्या दिवाळीत आमच्या खेळाच्या टेबलाने एक हस्तलिखित काढलं. एका बाजूला लिहिलेली ए-फोर पानं, त्यांची झेरॉक्स, कडेला दोन पिना. आत कथा नाही, कविता नाही. प्रत्येक पानावर एक जागा, तिथली तीन-चार माणसं आणि त्यांच्यातलं एक न सुटलेलं भांडण. ज्यांना टेबलाभोवती बसून फँटसी रोलप्ले खेळायचा आहे त्यांनी पान उचलावं आणि त्याच संध्याकाळी खेळायला घ्यावं, एवढ्यासाठी ते काढलं. अशी पानं कशी तयार झाली ते लिहून ठेवते आहे, कारण मुंबईत हा खेळ मराठीतून खेळणारे आता बरेच भेटतात, आणि जवळपास प्रत्येकाच्या वहीत असा ऐवज पडून असतो.

ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांनी आणला. पहिल्या छपाईत १,००० प्रती होत्या. एक जण डीएम (डंजन मास्टर), म्हणजे खेळ चालवणारा, होतो, बाकीचे एकेक कॅरेक्टर घेतात. डीएम प्रसंग सांगतो, खेळाडू आपलं कॅरेक्टर काय करतं ते सांगतात, आणि निकाल कुठल्याही बाजूला जाऊ शकेल अशी वेळ आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. पडलेल्या आकड्यात कॅरेक्टरचा बोनस मिळवायचा आणि डीएमने ठरवलेला आकडा, म्हणजे डीसी, गाठतो का बघायचं. सोप्या कामाला दहा, मध्यमला पंधरा, कठीणला वीस. सगळे मिळून खेळतात, शेवटी कुणी जिंकत नाही. राहते ती गोष्ट.

आम्ही परळला, आमच्या सोसायटीच्या ऑफिसात शनिवारी संध्याकाळी बसतो. रविवारी मेगाब्लॉकमुळे डोंबिवलीचे दोघे अडकतात, म्हणून शनिवार. टेबल म्हणून मधोमध कॅरम बोर्ड असतो. त्याच्या कडांमुळे फासे खाली पडत नाहीत, हा पहिला फायदा. दुसरा फायदा सोंगट्यांचा. काळ्या म्हणजे शत्रू, पांढऱ्या म्हणजे आपले लोक, क्वीन म्हणजे ज्याच्यासाठी सगळी धावपळ चालली आहे तो. इंग्रजी पुस्तकांतले नकाशे एक इंचाच्या चौकटींवर असतात, एक चौकट म्हणजे पाच फूट. कॅरमची सोंगटी साधारण सव्वा इंचाची, ती त्या चौकटीत मावत नाही. म्हणून आम्ही कार्डशीटवर दीड इंचाच्या चौकटी आखतो आणि ते बोर्डावर पसरतो. एका बाजूला एकोणीस चौकटी बसतात, म्हणजे पंचाण्णव फूट. खाडीचा एक काठ, होडी आणि पलीकडचा काठ एवढ्यात नीट मावतात.

खाडी असायचं कारण असं की आमची कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांना पुरणारी सलग गोष्ट, सात बेटांवर चालते. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, वरळी, परळ, माहीम. हॉर्नबी वेलार्ड, म्हणजे वरळीचा बांध, १७८४ च्या सुमारास पुरा झाला आणि वरळीच्या खिंडारातून आत शिरणारा समुद्र अडला. आमच्या खेळात तो अजून अडलेला नाही. भरतीला परळहून वरळीला जायला होडी लागते, ओहोटीला चिखल. राज्य कुणाचं, साल कोणतं, हे मुद्दाम ठरवलेलं नाही. इंग्रज, पोर्तुगीज कुणीच नाहीत. आहेत ते कोळी, भंडारी, मिठागरवाले, आगरी, आणि पाण्यात, झाडांत, वाटांवर राहणारे बाकीचे.

आमच्या टेबलावर वरळी कोळीवाड्यातला एक जण आहे. भरतीची वेळ ठरवायला मी फासा टाकणार होते. त्याने थांबवलं आणि तिथी विचारली. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याचे पाऊणपट करायचे, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. दिवसा एकदा, रात्री एकदा. मधे सव्वासहा तासांनी ओहोटी. अष्टमी-नवमीला भांग, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण. त्या दिवसापासून आमच्या खेळाला खरं घड्याळ मिळालं. खेळाडू निघायच्या आधी तिथी विचारतात, बोटांवर हिशोब करतात, आणि 'तेव्हा चिखल असेल, पळता येणार नाही' असं आपसांत ठरवतात. कुठल्याही नियमपुस्तकाने हे दिलं नसतं.

आता ज्या पानावरून हस्तलिखित सुरू झालं त्याकडे येते.

परळ आणि वरळीच्या मधल्या खाडीवर एक तरीवाला आहे. तर म्हणजे माणसांना पलीकडे नेणारी होडी. त्याचा धाकटा भाऊ बुडून मेला आणि त्याचा गिऱ्हा, म्हणजे पाण्यातलं भूत, झाला. आपण मेलो आहोत हे त्याला ठाऊक नाही. रात्रीच्या ओहोटीला तो कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून होडीला हाक मारतो. तरीवाला रोज त्याच्यासाठी दगडावर भात ठेवतो आणि कुणाला काही बोलत नाही. इकडे खाडीवर बांध घातला जातो आहे. बांध झाला की खारं पाणी शेतात शिरायचं थांबेल आणि खालच्या गावाला वर्षाचा भात मिळेल. बांध झाला की तरही बंद आणि गिऱ्ह्याचं पाणीही गेलं. मुकादमाला पौर्णिमेच्या उधाणाआधी काम पुरं करायचं आहे, नाहीतर अर्धा बांध वाहून जाणार.

आमच्या टेबलावर एक नर्स आहे. आयसीयूत काम करते, खेळात तिचं कॅरेक्टर वैदू आहे. एकादशीची रात्र होती. सव्वाआठला भरती, म्हणजे रात्री अडीचच्या सुमारास पाणी तळाला. बाकीच्यांनी हत्यारं काढली होती. ती चिखलात उतरली आणि गिऱ्ह्याशी बोलायला लागली.

"दादा, थंडी वाजते का?"

मी म्हणाले, "नाही वाजत."

"भूक?"

"भाऊ भात ठेवतो."

"बरं. एक करा. छातीवर हात ठेवा आणि श्वास घेऊन बघा."

मी म्हणाले, तो हात ठेवतो. बराच वेळ ठेवून उभा राहतो. ऑफिसात पंख्याचा आवाज येत होता, दुसरं काही नाही. मग मी डीसी पंधरा सांगितला, आणि ती ज्या पद्धतीने बोलली त्यासाठी अ‍ॅडव्हांटेज दिला, म्हणजे दोन फासे टाकायचे आणि मोठा आकडा धरायचा. चार आणि नऊ पडले. तिचा बोनस पाच. चौदा. एकाने कमी.

एकाने हुकलं म्हणून काहीच झालं नाही असं मी कधी करत नाही. हुकलेल्या फाशाने गोष्ट पुढे गेलीच पाहिजे, फक्त खेळाडूंना नको असलेल्या बाजूला. गिऱ्ह्याला कळलं की आपण मेलो. आणि त्याने पहिला प्रश्न विचारला, "त्या रात्री वल्ही कुणाच्या हातात होती?" तरीवाला काठावर उभा होता.

त्यानंतरचं इथे सांगत नाही. खेळणाऱ्यांना माहीत आहे की आपल्या सेशनची गोष्ट बाहेरच्याला सांगायला घेतली की समोरचा काही वेळ मान डोलावतो आणि मग त्याची नजर दुसरीकडे जाते. त्यात त्याचा दोष नाही. ती रात्र तिच्या आवाजात होती. रोज नातेवाईकांना सर्वांत वाईट बातमी सांगणाऱ्या बाईने ते बोलणं बोललं होतं, आणि आम्ही पाच जण ते ऐकत होतो. कागदावर तेच 'वैदूने गिऱ्ह्याची समजूत घालायचा प्रयत्न केला, चौदा पडले' एवढं उरतं. मी वृत्तांत लिहीत असे, आमचे लोक तो आवडीने वाचत, कारण त्यांना ती रात्र आठवे. बाहेर दिला की कुणी दुसरं पानही उलटत नसे.

पण ठाण्याला माझा मामेभाऊ त्याचा वेगळा गट चालवतो. त्याने वृत्तांत वाचून एकच विचारलं, "हा तरीवाला मला देतेस का? माझ्या पोरांसमोर ठेवतो." भाऊ, भात आणि बांध एवढंच त्याला हवं होतं. आमच्या खेळाडूंनी काय केलं याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. तिथून माझ्या मनात पक्कं झालं की टेबलावरची गोष्ट दुसऱ्याला द्यायची तर खेळाडूंनी हात लावायच्या आधी ती जशी होती तशी द्यायची. शेवट काढून टाकायचा. शेवट ज्याचा त्याला मिळतो.

हा मार्ग जुना आहे. १९७५ साली लॉस एंजेलिसमध्ये ली गोल्ड यांनी 'अलारम्स अँड एक्सकर्जन्स' नावाचं एक नियतकालिक सुरू केलं. ठिकठिकाणचे खेळाडू आपापली पानं लिहून पाठवायचे, ती एकत्र जुळवून सगळ्यांना परत पोस्टाने जायची. खेळ येऊन जेमतेम वर्ष झालेलं असताना लोक एकमेकांच्या पानांवर उत्तरं लिहीत होते, नियम बदलत होते, राक्षस उसने घेत होते. आपल्याकडे कॉलेजांत आणि चाळींत हस्तलिखितं निघत आली, तीही याच जातीची. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी मुंबईतून 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून दिवाळीला काहीतरी वाचायला देणं आपल्या अंगवळणी पडलं आहे. म्हणून दिवाळी धरली, आणि हातानेच लिहायचं ठरलं. प्रत्येकाने एक पान, पाठीमागची बाजू कोरी, म्हणजे डीएमला तिथे स्वतःचं लिहिता येईल.

पान लिहिणं मात्र वृत्तांतापेक्षा कितीतरी अवघड निघालं. तरीवाल्याचं माझं पहिलं पान दाटून भरलं होतं. आईचं नाव, होडी कुणी बांधली, भावाचं लग्न ठरलं होतं का. ठाण्याच्या मामेभावाने त्यातलं काय वापरलं ते विचारत गेले आणि जे त्याने वापरलं नव्हतं ते खोडत गेले. शेवटी प्रत्येक माणसाला तीन ओळी उरल्या. त्याला काय हवं आहे. तो काय लपवतो. आणि कुणीच अडवलं नाही तर तो उद्या काय करणार. तिसरी ओळ सगळ्यांत मोलाची. ती असली की डीएमला सुचत नाही असं होतच नाही, कारण खेळाडू भलत्याच दिशेला निघाले तरी त्यांच्या मागे जग चालू राहतं. तरीवाल्याच्या ओळी अशा आहेत:

'तर चालू राहायला हवी. भाऊ बुडाला तेव्हा वल्ही याच्या हातात होती. कुणी अडवलं नाही तर त्रयोदशीच्या रात्री बांधाचा दगड काढायला जाईल.'

त्याखाली तिथ्या. नवमीला खेळ सुरू, पौर्णिमेला रात्री सव्वाअकराला उधाण. रोजची भरती पाऊणपटाने काढायची, हे एका ओळीत. डीसीचे आकडे मोजकेच, जिथे खरोखर लागतील तिथे. बस. पान पुरं.

ठाण्याच्या टेबलावर ते पान खेळलं गेलं तेव्हा मी मुद्दाम गेले आणि कोपऱ्यात बसून ऐकलं. त्यांनी गिऱ्ह्याशी फार बोलणंच केलं नाही. ते थेट मुकादमाकडे गेले. त्यांच्यातल्या एकाच्या घरची अलिबागकडे खारजमीन आहे. त्याने विचारलं, बांधाला उघाडी ठेवली आहे का? उघाडी म्हणजे खारबांधातलं लाकडी झडपेचं दार. ओहोटीला आतलं पाणी त्यातून बाहेर पडतं, भरती आली की पाण्याच्याच दाबाने झडप मिटते. तो म्हणाला, उघाडीशी कायम थोडं पाणी राहतं, गिऱ्ह्याला तिथे राहू द्या. शेत वाचतं, बांध टिकतो, आणि तरीवाल्याला उघाडीचा राखणदार करा, म्हणजे भात ठेवायला त्याला कुणाची चोरी नको. मग त्यांचा सगळा खेळ झाला तो फळ्या, सुतार आणि वेळ यांच्यासाठी. शेवटची फळी ते चतुर्दशीच्या रात्री कंदिलाच्या उजेडात बसवत होते आणि पाणी चढत होतं. मी इतकी वर्षं हा खेळ खेळते आहे, पण दारातली फळी बसते की नाही यावर एवढा जीव टांगणीला लागलेला मी पाहिला नव्हता.

परत येऊन आमच्या टेबलावर सांगितलं तेव्हा दोन तट पडले. शिक्षिका असलेल्या आमच्या मैत्रिणीचं म्हणणं, उघाडी पानात घालायलाच हवी, इतकी सुंदर युक्ती वाया का घालवायची. डोंबिवलीच्या दोघांचं म्हणणं, घातली की प्रत्येक टेबल तीच करेल, मग खेळायचं काय? वाद बराच वेळ चालला. मला दोन्ही बाजू पटत होत्या, पण कल ठरलेला होता. युक्ती लिहायची नाही, सामान ठेवायचं. मुकादमाच्या दुसऱ्या ओळीत आता असं आहे: 'उघाडीसाठी सागाच्या फळ्या आणून ठेवल्या आहेत, पण उशीर झाला म्हणून उघाडी न ठेवताच बांध पुरा करतो आहे, हे मालकाला सांगितलेलं नाही.' फळ्या दिसल्या तर दिसल्या. एखादं टेबल त्यांची होडी करेल, एखादं सरण रचेल. ठाण्याच्या गटाने आम्हाला काही दिलं असेल तर त्या फळ्या, आणि त्या आता पानावर आहेत.

बाकीची पानंही अशीच फिरून आली. माहीमच्या नारळीच्या वाडीतल्या चकव्याचं एक आहे. रात्री माणसं तिथे वाट चुकून पहाटेपर्यंत गोल फिरतात, आणि वाडीतली एक म्हातारी रोज मुद्दाम चुकायला जाते. ते आमच्या शिक्षिकेचं. मला स्वतःला ते तरीवाल्याहून उजवं वाटतं.

दोन गोष्टी आम्ही सुरुवातीलाच ठरवल्या होत्या. पहिली, आपल्या लोककथांतली बरीच भुतं जातीने ठरतात. समंध म्हणा, ब्रह्मराक्षस म्हणा, कुणाचं भूत ते नावातच येतं, आणि कुणाच्या भुताला किती मान तेही. आमच्या पानावर माणूस मेला कसा आणि त्याचं काय राहून गेलं एवढंच येतं, जात येत नाही. खेळाच्या २०२४ च्या सुधारित नियमांत कॅरेक्टरच्या 'रेस'ला 'स्पीशीज' म्हणायला लागले, म्हणजे तिकडेही हा विचार चालू आहे. आपल्याकडे तो जास्त नेटाने व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे. दुसरी गोष्ट, ज्या देवांची पूजा चालू आहे त्यांना राक्षस करायचं नाही, त्यांच्या अंगी आकडे लावायचे नाहीत.

नियमांच्या मालकीचा प्रश्न कुणीतरी काढतंच, म्हणून तेही सांगते. खेळाचे पायाभूत नियम ज्यात आहेत तो दस्तऐवज, एसआरडी ५.१, खेळ छापणाऱ्या कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स अ‍ॅट्रिब्यूशन ४.० परवान्याखाली खुला केला. श्रेय दिलं की ते नियम वापरता येतात, त्यांचं भाषांतर करता येतं, त्यावर स्वतःचं रचता येतं. शेवटच्या पानावर तळाशी श्रेयाची ओळ आहे. आमची पानंही त्याच परवान्याने दिली आहेत. तरीवाला कुणीही न्यावा, परळऐवजी पुण्याच्या मुठेवर बसवावा, गिऱ्ह्याला बहीण करावी. एकच मागणं आहे, कोऱ्या बाजूवर त्यांच्या टेबलावर काय झालं ते चार ओळींत लिहून पान परत द्यावं. डोंबिवलीहून एक परत आलं आहे. तिथे खेळाडूंनी तरीवाल्यालाच पोलीस पाटलाच्या स्वाधीन केलं, आणि गिऱ्हा रोज रात्री भावाच्या कोठडीबाहेर हाक मारायला लागला. खाडीपासून इतक्या लांब तो आला कसा, याचं उत्तर त्यांनी लिहिलेलं नाही, आणि मला ते विचारायचं आहे.

येत्या अंकासाठी कोळीवाड्यातल्या आमच्या मित्राने एक पान घेतलं आहे. वरळीचा बांध घालताना भिंत पुन्हापुन्हा ढासळत होती, मग रामजी शिवजी या प्रभू अभियंत्याला स्वप्नात देवी दिसली, समुद्रातून मूर्ती निघाली आणि त्यानंतर भिंत टिकली, अशी महालक्ष्मीची आख्यायिका आहे. त्याला त्या ढासळणाऱ्या भिंतीवर पान करायचं आहे. देवीला हात न लावता ते कसं करायचं हे ठरवायला तो वाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन बसतो आहे. भिंतीवर काम करणारे, रात्री दगड मोजणारा कारकून आणि भिंत झाली तर ज्यांच्या होड्या नांगरायची जागा जाते ते, एवढी माणसं त्याने धरली आहेत. कारकुनाच्या पहिल्या दोन ओळी लिहून झाल्या आहेत. तिसरी, उद्या तो काय करणार, ती अजून त्याला सापडलेली नाही, आणि ती सापडल्याशिवाय पान घ्यायचं नाही असं आमचं ठरलं आहे.